डेन्मार्कच्या शाळेची पुस्तिका

सोमवार, ४ ऑगस्ट
सत्यशीला बाईंनी मजकूर आणून दिला. डेन्मार्कच्या एका शाळेतले पाहुणे आपल्या कोल्हारच्या शाळेत येणार, म्हणून त्यांच्या शाळेची मराठी पुस्तिका — इतिहास आणि अभ्यासक्रम, सोळा पानं. बाई मला नववीला होत्या. म्हणाल्या, "सम्राट, तुझ्या हातून चूक जात नाही, म्हणून इथं आले." आमच्या टायपिंग-छपाईच्या दुकानाचे मालक गोरक्षभाऊ हसले. "लोकांच्या चुका लई काढतो बाई. सवता मात्र दहावीच्या परीक्षेतून पळून आला!"
सात वर्षं झाली. मीही हसलो. काही वाटलं नाही.

मंगळवार, ५ ऑगस्ट
पाच पानं टाइप केली. साडेचारशे वर्षांची शाळा. आधी पाद्री घडवायला काढलेली, फक्त मुलांची. मुली फार उशिरा आल्या. आता रोज सकाळी सगळे एकत्र गाणं म्हणतात.

बुधवार, ६ ऑगस्ट
काही नाही.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
पान अकरा. त्यांच्याकडे तीन वर्षांचा एक अभ्यासक्रम, दोन वर्षांचा एक. दोन वर्षांचा मधेच शिक्षण सुटलेल्यांनाही चालतो. बऱ्याच परीक्षा तोंडी — चिठ्ठी उचलायची आणि समोर बसलेल्या सरांशी बोलायचं.
मी मराठीच्या पेपरला पहिलंच उत्तर तपासत बसलो होतो. घंटा होईपर्यंत! पुढच्या पेपरला गेलोच नाही.

रविवार, १० ऑगस्ट
प्रूफ घरी आणलं. एकाने मूळ मजकूर वाचायचा, दुसऱ्याने छापलेलं बघायचं. आईला बसवलं. ती सातवी शिकलेली, शाळेत खिचडी शिजवते. बोट ठेवून वाचत होती. पान अकरावर थांबली.
"वय किती चालतं रं ह्यात?"
"लिहिलेलं नाही."
"आन आपल्याकडं? त्या सतरा नंबरच्या फॉर्मला?"
म्हणजे बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म. दुकानात मीच भरून देतो. या मोसमात एकतीस भरले.
"कितीही चालतं. पुढचं वाच."
टोमणा कळला मला. जेवलो नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट
दुपारी दुकानात कोणी नव्हतं. माझा फॉर्म भरला. सहा वेळा वाचला. पाठवायच्या बटणापाशी हात थांबला. फॉर्म तसाच ठेवला. परवा शेवटची तारीख.

बुधवार, १३ ऑगस्ट
पुस्तिका छापून गेली. बाई म्हणाल्या, "सुंदर झालीय." बरं.

गुरुवार, १४ ऑगस्ट
आई दुकानात आली. कधी येत नाही. पिशवीतून दोन फोटो, आधार आणि शाळेचा जुना दाखला काढला. "सतरा नंबरचा भरायचाय."
"माझा मी भरून ठेवलाय, आई."
"तुझं कोन इचारतंय? माझा भर."
नावाच्या रकान्यात जया लिहिलं. एकदा वाचून तिचा पाठवला. मग माझा — न वाचता.