घळीचं तोंड

९ जानेवारी
भुसावळला पोचले. तापीकाठच्या नव्या वसाहतीत, अगदी कडेच्या घरात खोली मिळाली. घरमालकीण सुनंदाअक्कांनी आल्या आल्या कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे केला. काम मनासारखं आहे. जमीन कापत वस्तीकडे सरकणाऱ्या घळी उपग्रहाच्या चित्रांवरून मोजायच्या, नकाशा करायचा आणि कुठली घरं धोक्यात आहेत ते पालिकेला सांगायचं. घळ खिडकीतूनच दिसते. पिवळी माती, बाभळी, खाली चरणाऱ्या शेळ्या. छान ऊन आहे.

१७ जानेवारी
चित्र आणि जागा यांचा मेळ बसावा म्हणून लोखंडी खुंट्या ठोकल्या. एक घळीच्या तोंडाशी, म्हणजे ती जिथून वरची जमीन खात येते तिथे. दुसरी शेजारच्या धनसिंगनानांच्या अंगणात. नाना धुळ्याकडचे. म्हणाले, "तिले वाट नको दखाडू, पोरी." मी हसले.

२ फेब्रुवारी
नवं चित्र उतरवलं. घळीचं तोंड पहिली खुंटी ओलांडून नानांच्या घराकडे सरकलंय. दिवाळीपासून पावसाचा थेंब नाही. पाण्याशिवाय घळ वाढत नाही, हे मीच वर्गात शिकवते. या कामावर देखरेख करणाऱ्या पुण्याच्या सरांना फोन केला. चित्र नीट बसवलं नसशील, म्हणाले. पुन्हा बसवलं. पुन्हा. तेच येतंय.

११ फेब्रुवारी
पालिकेत गेले. साहेब मीटिंगमध्ये. काल होते, आजही. शेवटी भेटले, नकाशा उलटा धरून पाहिला, पावसाळा झाला की या म्हणाले. जिन्यावरच रडू आलं, संतापाने.

१९ फेब्रुवारी
नानांचं अंगण गेलं. खुंटीपर्यंत, सरळ रेषेत. घळ अशी सरळ कधी जात नाही. नाना पायरीवर बसून होते. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
घळीत पडलेली पहिली खुंटी शोधून काढली, अंगणाच्या कडेची उपटली आणि दोन्ही लांब पडीक रानात नेऊन ठोकल्या. बघूच.

२५ फेब्रुवारी
वळली. रानाकडे. सरांना कळवलं. त्यांनी विश्रांती घे म्हणून सांगितलं.

१ मार्च
खुंट्यांपाशी थांबली नाही. माघारी फिरली. चित्रात स्पष्ट दिसतं, मी रोज ज्या पायवाटेने रानात जाते-येते, तिच्यावर काळी भेग. टोकाला आमचं घर.
तिला खुंट्या नको आहेत.

२ मार्च
अक्कांना घर सोडा म्हटलं. नवं घर टाकून कुठे जायचं, म्हणतात. पालिकेचा फोन कुणी उचलत नाही. स्वयंपाकघराची फरशी पोकळ वाजते — अक्का तिथेच बसून भाकरी थापतात.

३ मार्च, दुपार
निघाले. वस्तीपासून दूर, नदीकडे. ती मागे येतेय — घराला वळसा घालून. माती ढासळल्याचा आवाज नाही. घास गिळल्यासारखा —
घर वाचलं.
कड्यावर बसलेय. पुढे खाली तापी. मागे —
बांधावरून अक्का येतायत. उन्हात काय बसलीस मेघा, घरी चल, म्हणतायत. मी हातानेच थांबा म्हणतेय. त्यांना वाटतंय बोलावतेय. हसतायत. जवळ आल्या —
पळायला तो बांध, तेवढीच वाट. पण मी त्यांच्याकडे गेले तर तीही