खिडकीजवळचा कोपरा

६ ऑक्टोबर, सोमवार

विओलेताने शेवटी तोंड उघडलंच. "ल्यूबिशा, पुढच्या आठवड्यापासून जुन्या सिस्टीमचे सुरक्षेचे अपडेट बंद. बँकेची कामं मी त्या खोक्यावर करणार नाही. रविवारपर्यंत नवी सिस्टीम घाल, नाहीतर ते झ्वोंकोकडे गावाला जाईल. त्या कोपऱ्यात आईचं शिवणयंत्र ठेवू."

झ्वोंको माझ्या बायकोचा भाऊ. त्याच्याकडे गेलेली वस्तू कोंबड्यांच्या खुराड्यात संपते.

खोकं म्हणे! एकेक भाग निवडून मी स्वतः जोडलेला कॉम्प्युटर आहे तो. या घरात माझं म्हणून एवढंच — खिडकीजवळचा कोपरा, एक खुर्ची, आणि टेबल अरुंद म्हणून खुर्चीमागे स्टुलावर ठेवलेलं ते खोकं.

सासूबाई भाजलेल्या मिरच्या सोलत होत्या. नजर माझ्या कोपऱ्याकडे. म्हणजे कट शिजतोय.

७ ऑक्टोबर

तपासणीत उत्तर आलं — हा कॉम्प्युटर अपात्र. का, तर मदरबोर्डवरची सुरक्षेची सोय बंद. सेटिंगमध्ये शिरून चालू केली. पात्र! विओलेताला सांगितलं. "बरं," म्हणाली.

८ ऑक्टोबर

फोटो, कागदपत्रं, सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवलं. पंख्यांत धुळीचा गालिचा झाला होता, तो काढला. आता काय जोरात फिरतात!

सासूबाई दारातून — "स्वतः कधी इतकं घासून आंघोळ केलीस का, जावया?"

९ ऑक्टोबर

अपग्रेड सुरू केलं. अर्ध्यावर कॉम्प्युटर आपोआप बंद. परत जुनीच सिस्टीम.

१० ऑक्टोबर

पुन्हा बंद! रॅम काढून बसवली, तारा तपासल्या. गंमत म्हणजे मी जेवायला गेलो की व्यवस्थित चालतो. मी येऊन बसलो की मान टाकतो. माझंच तोंड बघवत नाही की काय?

विओलेता टेप घेऊन कोपरा मोजून गेली.

११ ऑक्टोबर, शनिवार

सापडलं! स्क्रू पडला म्हणून मागे वळलो, तर सासूबाई वाकून पंख्याच्या जाळीत लोकरीची बंडी कोंबताहेत. गरम हवा बाहेर पडणार कुठून? तापून बंद पडणारच. मी बसलो की कोंबायची, उठलो की काढून घ्यायची. तीन दिवस!

माझं डोकंच फिरलं. "शिवणयंत्रासाठी इतकं?" म्हणालो. बरंच काही म्हणालो. त्यांनी बंडीची घडी घातली आणि स्वयंपाकघरात गेल्या. रात्री जेवल्या नाहीत. विओलेता माझ्याशी बोलत नाहीये.

१२ ऑक्टोबर, रविवार

नवी सिस्टीम आली. कोपरा वाचला. सासूबाईंना मुद्दाम बोलावून दाखवलं. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंही नाही. खुर्चीमागे वाकून पंख्यासमोर हात धरला.

"सरळ तुझ्या कमरेवर येतोय वारा," म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याच्या, मिलुतिनच्या, किडन्या अशाच वाऱ्यानं गेल्या. ते शिवणयंत्र घाल चुलीत. दुसरा जावई मी या वयात कुठून आणू?"