चोवीस प्लेटांवरचा ‘गो’

प्रिय गोविंदभाऊ,

परवा तुमची तेरवी झाली. जेवणं उरकली, माणसं पांगली. मीही चपला घालून निघालो आणि दारातून परत फिरलो. वहिनींना म्हणालो, “भाऊंनी कारखान्यातून एक तांब्याची पट्टी घरी आणली होती, शिशाचं डोकं असलेली. ती मला द्याल?”

वहिनी काही न विचारता आत गेल्या आणि कापडात गुंडाळलेली पट्टी घेऊन आल्या. म्हणाल्या, “तुमच्या भाऊनं सांगून ठेवलं होतं. वसंतानं मांगितली तं देजो. नाई मांगितली तं राहू देजो.”

म्हणजे जाता जाताही माझी परीक्षा घेतलीतच ना! ती पट्टी आता माझ्यासमोर टेबलावर आहे. ती बघत गप्प बसवेना, म्हणून हे पत्र.

मी डिप्लोमा घेऊन नाकाडोंगरीच्या रस्त्यावरच्या त्या कारखान्यात आलो, तेव्हा तुम्ही आपल्या शेडमध्ये हंगामी कामगार होतात. हुद्द्यानं मी तुमचा साहेब! आणि कामातलं मला काय येत होतं? टाक्यांत गरम आम्ल, त्यात टांगलेल्या शिशाच्या प्लेटा, वरच्या तांब्याच्या पट्टीतून येणारी वीज, प्लेटांवर चढणारा मँगनीजचा काळा थर, हे सगळं मी वहीत काढलेलं होतं. पण वाकलेली, सांधा सुटलेली प्लेट दुरुस्तीला आली की मी तिच्याकडे बघायचो आणि तुम्ही माझ्याकडे.

तुमचं अर्धं आयुष्य भंडाऱ्याला पितळी भांडी घडवण्यात गेलं होतं. घरोघर स्टील आलं, भट्ट्या थंडावल्या आणि तुम्ही इकडे आलात. येताना दोन गोष्टी बरोबर आणल्यात, कल्हई आणि खूण. पट्टीला जुन्या घागरीसारखी कल्हई केल्याशिवाय, म्हणजे कथलाचा पांढरा थर चढवल्याशिवाय, तुम्ही तिच्यावर प्लेट जोडणारं शिशाचं डोकं ओतत नव्हता. आणि काम मनासारखं झालं की शिशाच्या डोक्यावर ठशानं ‘गो’ उमटवायचात, भांड्यावर नाव घालतात तसा. ‘गो’ नसलेली प्लेट टाकीवरची माणसं हातात घेत नसत. “गोविंदभाऊची हाय काय? मंग आण.” एवढंच विचारायची.

टाकी सुरू झाली की तुम्ही एकेका सांध्याला उलटा हात लावत जायचात, लेकराचा ताप बघतात तसा. गरम लागला तो सांधा कच्चा. मीटर आणायला मी धावायचो, तोवर तुमचं सांगून झालेलं असायचं!

आणि मग ते चोवीस प्लेटांचं प्रकरण. तुम्ही बहिणीच्या मुलीच्या लग्नाला मोहाडीला निघाला होतात. दारातून दोनदा बजावलंत, “साहेब, कलई केल्याबिगर ओतू नका. शिसं तांब्याले धरत नाई. नुसतं धरल्यासारखं दिसते.”

टाकी सोमवारी सुरू व्हायची होती आणि तिच्या चोवीस प्लेटा पट्ट्यांना जोडायच्या राहिल्या होत्या. कल्हईत अर्धा वेळ जात होता. मी पट्ट्या आम्लात बुडवल्या, घासून चकचकीत केल्या आणि दोन माणसांकडून शिसं ओतून घेतलं. दिसायला सुंदर दिसत होत्या हो! फक्त ‘गो’ नव्हता. मग मी तुमची पेटी उघडली, ठसा काढला आणि माझ्या हातानं चोवीस वेळा हातोडी मारली.

कल्हई टाळली ती घाई होती. पण ती हातोडी काय होती? त्याला मला आजही बरा शब्द सापडत नाही.

सहाव्या दिवशी, तुम्ही लग्नाहून परतलात त्याच सकाळी, सांधे तापले. एकेक प्लेट सुटून टाकीत आडवी झाली. टाकी बंद पडली आणि मोठे साहेब शेडमध्ये आले. तुम्हाला कायम करण्याचा कागद त्यांच्याच टेबलावर सहीसाठी पडला होता. सात वर्षं तुम्ही त्याची वाट पाहिली होती, आणि हे मला माहीत होतं.

“गोविंदराव, ही खूण तुमचीच ना?”

“खूण माझीच हाय.” तुम्ही छिन्नी घेतलीत आणि हलकेच एक टोला दिलात. उकडलेल्या अंड्याचं कवच निघावं तसं शिसं एका बाजूनं सुटून आलं. आत तांबं लालभडक. “पण हे पाहा साहेब. कलईच नाई. माझ्या हातचं असतं तं इथं पांढरं दिसलं असतं.”

“मग कोणाचं काम आहे?”

“ज्यानं केलं, थो सांगन.”

माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. पट्टीकडेच बघत राहिलात. शेवटी मी बोललो. काम माझं, ठसाही मीच मारला, असं सगळ्यांसमोर बोललो.

मला लेखी समज मिळाली. तुमचा कागद त्याच आठवड्यात सही होऊन आला. बाहेर चहाच्या टपरीवर मी विचारलं, “भाऊ, माझं नाव काहून नाही घेतलं?”

“मनात दहा मोजून राहिलो होतो. आठावर बोलला तू. दहा झाले असते तं घेतलं असतं नाव! माझ्या पोटाचा सवाल होता बावा.” तुम्ही हसलात. मग कप खाली ठेवून म्हणालात, “कलई शिकवता येते. पण दुसऱ्याची खूण मारू नोको गा, वसंता.”

त्या दिवशी माझी साहेबकी गेली आणि मी वसंता झालो. कारखान्यात तेवढी मोठी बढती मला पुन्हा मिळाली नाही.

पुढचा महिनाभर तुम्ही मला कल्हई शिकवलीत. तापल्या तांब्यावर टाकलेल्या नवसागराच्या धुरानं मी खोकून बेजार, आणि तुमचं चालूच, “तुमच्या कॉलेजात नवसागर नव्हता काय गा?”

एक तक्रार मात्र आहे. छिन्नीनं उघडी पाडलेली ती पट्टी तुम्ही शेडमध्ये खिळ्याला टांगलीत. नवा माणूस आला की दाखवायचात, “हे एका शहाण्याचं काम हाय.” नाव कधी घेतलं नाहीत. पण लगेच पुढचं वाक्य, “वसंता, चाय सांग गा!” किती घाम फुटायचा मला, ठाऊक आहे? एकदा वैतागून म्हणालो, सांगून टाका ना नाव! तर म्हणालात, “थे गोष्ट माझी नाई. तुझी हाय. तूच सांगजो.”

मी सांगितली नाही, भाऊ. तुम्ही निवृत्त झालात, पट्टी घरी नेलीत, शेड माझ्या ताब्यात आली. रिकामा खिळा पाहून मला हायसं वाटलं होतं. हे तुम्हाला समोर बसून सांगायचं राहिलं.

आज टाकी सुरू झाली की माझा उलटा हात आपसूक सांध्यांकडे जातो. तो हात तुमचा आहे. माझ्याजवळचं जे काही धड आहे, त्यात तुमची कल्हई आहे.

सोमवारी शेडमध्ये दोन नवे वेल्डर येत आहेत. पट्टी पुन्हा त्याच खिळ्याला टांगणार आहे. मी मारलेल्या त्या वाकड्या ‘गो’शेजारी माझा ‘व’ उमटवीन, आणि ही गोष्ट त्यांना पहिल्याच दिवशी सांगेन, माझं नाव घेऊन.

तुम्ही मोजायला लागू नका, भाऊ. एकावरच बोलेन.

तुमचा,
वसंता