आतलं माणूस

मंगळवार, ४ मार्च

भांडण पेटलं! आणि कशावरून, तर शिंप्याच्या घरात आतून कुणी ओ देतं की नाही, यावरून.

'अमुकगाव' ही मालिका बंद पडून पंचवीसेक वर्षं झाली. आडगावातली चार दुकानं, एक स्टेशन, एक पोस्ट आणि दिवसभर एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या — एवढंच तिचं भांडवल. तरी भक्त अजून शाबूत आहेत. फोनवर गट काढून एकमेकांची परीक्षा घेतात. पोस्टाच्या पेटीचा रंग कधी बदलला? स्टेशनातलं घड्याळ किती वाजता बंद पडलेलं असतं? मला दोन्ही उत्तरं येतात. संस्कृत घेऊन एम.ए. झालो, जन्मभर वर्तमानपत्रांना बातम्या पाठवल्या, आणि शेवटी विद्वत्ता ही!

गटात ज्याने त्याने मालिकेतली एकेक जागा बळकावली आहे. मी अर्थातच वार्ताहर, ज्याच्या बातम्या गावात कुणी वाचत नाही. भूमिका करावी लागत नाही. स्टेशनमास्तरीणबाई म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका. आजचा प्रश्न त्यांचा. शिंप्याकडे पाहुणा आला की तो आतल्या पडद्याकडे तोंड करून ओरडतो, "ऐकलं का? पाहुणे आलेत!" आतलं माणूस बाहेर कधीच येत नाही. पण आतून जो आवाज येतो तो कुणाचा? श्रेयनामावलीत नाव नाही.

अर्धा गट उसळला — कसला आवाज? आतून काही येतच नाही. शिंपी क्षणभर थांबतो, मान डोलावतो आणि पाहुण्याला सांगतो, "येतंय हं आतलं माणूस." तीच तर गंमत!

उरलेला अर्धा — कानात बोळे घालून बघत होतात का?

मी आवाजवाला. मला स्वच्छ ऐकू येतो.

बुधवार, ५ मार्च

आवाजवाल्यांतही एकमत नाही. बाईंना ऐकू येतं, "येते गं, येते!" गटातला न्हावी (पोटापाण्यासाठी दातांचा डॉक्टर) शपथेवर सांगतो की वाक्य आहे, "थांबा की जरा!" मला ऐकू येतं, "आले हो, आले!" सगळेच पाठभेद! मूळ संहिता राहिली बाजूला, टीकाकारच जास्त.

मौनवाल्यांचा पुढारी पोस्टमास्तर. प्रत्यक्षात थोरल्या भावाबरोबर सायकलींचं दुकान चालवतो. त्याने लिहिलं, "तुम्हा सगळ्यांचे कान तपासून घ्या. दादाही म्हणतो, काही ऐकू येत नाही."

समेट घडवावा म्हणून मी लिहिलं की संस्कृत नाटकात आकाशभाषित नावाचा प्रकार असतो. पात्र न दिसणाऱ्या माणसाशी बोलतं, त्याचं उत्तर त्याला एकट्यालाच ऐकू येतं, प्रेक्षकांना नाही. तेव्हा दोन्ही पक्ष बरोबर.

बाईंचं उत्तर — "पंडित, तास संपला. घंटा झाली."

एक गोष्ट मात्र गटात लिहिली नाही. इथे लिहितो. तो आवाज हिचा आहे.

शनिवार, ८ मार्च

गेल्या वर्षी हिच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. गाठीबरोबर स्वरयंत्रही गेलं. तेव्हापासून आमच्या घरातला संवाद पाटीवर चालतो. पाटी तिची, बोलणं माझं. लोकांना वाटेल, नवऱ्याची चंगळ! चार दिवस मलाही विनोद सुचले. पाचव्या दिवशी हाक मारली, "अगं, माझा चष्मा कुठाय?" आणि आतून काहीच आलं नाही. त्यानंतर विनोद सुचेना.

रोज दुपारी चारला 'अमुकगाव' पुन्हा दाखवतात. पूर्वी ती एकटी बघायची. मी पलीकडच्या खोलीत टेबलाशी. तिने चहाला हाक मारली की मी म्हणायचो, "आलो, आलो! एवढं वाक्य संपवतो." आणि जायचो नाही. मग तीच कप आणून आदळायची. "तुम्ही म्हणजे त्या शिंप्याच्या घरातलं आतलं माणूस!" मला तेव्हा संदर्भ कळायचा नाही. मालिका हलकी म्हणून मी बघत नसे ना! शस्त्रक्रियेनंतर शेजारी बसायला लागलो. पहिल्याच आठवड्यात पडदा किंचित हलला, आणि आतून — "आले हो, आले!" 'हो'वर थोडा हेल, शेवटी थोडा वैताग. छातीठोक सांगतो, तोच.

आज धीर करून विचारलं, "तू कधी त्या मालिकेत बोलली होतीस का?"

पाटीवर आलं — "हो. आणि तुम्ही नायक होतात."

"थट्टा नको. शिंप्याच्या घरात आतून तुला काय ऐकू येतं?"

"काही नाही. आत कुणी नाहीच. बिचारा एकटा आहे. पाहुण्यांसमोर लाज वाटते म्हणून हाक मारतो."

इतकी वर्षं लोक त्या जागी पोट धरून हसले. ही हसत नव्हती, हे माझ्या आज लक्षात आलं.

मग तिने लिहिलं — "तुम्हाला?"

"तुझा आवाज ऐकू येतो."

फडक्याने पाटी पुसायला तिने बराच वेळ घेतला. मग लिहिलं — "कसा आहे?"

"खणखणीत. जरा वैतागलेला."

ती हसली. हल्ली हसते म्हणजे नुसते खांदे हलतात.

मंगळवार, ११ मार्च

माळ्यावरून जुना टेपरेकॉर्डर काढला. याच्यावर मी मंत्री टिपले, महापौर टिपले, एका उद्घाटनाचं भाषण तर वीज जाईपर्यंत टिपलं. कपाटभर कॅसेटी. त्यात हिचा आवाज कुठेच नाही. घरातलं माणूस कोण टिपतं?

चारला टीव्हीसमोर ठेवला. शिंप्याने हाक मारली. "आले हो, आले!" मी ऐकलं.

नंतर कॅसेट वाजवली. शिंप्याची हाक आहे. मग नुसती खरखर. मग शिंपी — "येतंय हं आतलं माणूस." पुन्हा वाजवली. पुन्हा. ही दारात उभी राहून बघत होती. टेपरेकॉर्डर पुसून तिने कपाटात ठेवला. माळ्यावर नाही, कपाटात.

रविवार, १६ मार्च

मालिकेचे ध्वनिमुद्रक सापडले! बाईंनीच शोधून काढले आणि गटात आणून बसवले. म्हातारे, तिरसट, टंकलेखन दिव्य. सगळ्यांनी एकदम विचारलं — काका, तो आवाज कुणाचा?

उत्तर आलं, "कुणाचाच नाही. आवाज द्यायला जिला बोलावलं होतं ती आलीच नाही. जागा मोकळी ठेवली, म्हटलं नंतर भरू. राहून गेलं."

मौनवाल्यांनी जल्लोष केला. पोस्टमास्तरने तर 'सत्यमेव'पासून सुरुवात केली.

पण काकांचं संपलं नव्हतं. "मूळ फीत माझ्याकडे आहे. यंत्रावर लावली की त्या जागी आवाजाचा काटा पडून असतो. तसूभर हलत नाही. पण मला ऐकू येतं. माझ्या मुलीचा आवाज आहे. मालिका चालू होती तेव्हा नव्हता येत. ती गेली, त्यानंतर यायला लागला. मला वाटायचं मला एकट्यालाच."



सोमवार, १७ मार्च

बातमीदाराची खोड. एकेकाला फोन केले.

बाईंना विचारलं, "कुणासारखा वाटतो?" नेहमी फाडफाड बोलणाऱ्या बाई अडखळल्या. "आईसारखा. मी शाळेतून आले की दारातून हाक मारायचे, ती आतून म्हणायची, येते गं. आम्ही दोघीच होतो हो घरात." आई जाऊन बरीच वर्षं झाली.

दातांचा डॉक्टर म्हणाला, "बायको. ती गेल्यापासून ऐकू येतं. तुम्हाला हसू येईल." मला आलं नाही.

मौनवाल्यांनाही केले. प्रत्येकाच्या फोनवर मागून कुणीतरी बोलत होतं. कुणाची बायको, कुणाचा मुलगा. पोस्टमास्तरचा दादा तर फोन हिसकावूनच म्हणाला, "पंडित, तुमची नक्षत्रं बिघडलीत! दुकानात या, पंक्चर काढून देतो."

म्हणजे असं आहे. घरात आपल्या हाकेला जे माणूस ओ द्यायचं, त्याचाच आवाज आतून येतो. ते असेपर्यंत काही ऐकू येत नाही. गेलं की ऐकू येतं.

पण ही आहे! आत्ता मागे बसून भाजी निवडते आहे. हिचा फक्त आवाज गेला. तेवढा हिशेबात धरला असेल. धरला असावा.

गुरुवार, २० मार्च

तपासणी. डॉक्टरीणबाईंच्या बोटांना मानेजवळ काहीतरी लागलं. "काही नसेलही," म्हणाल्या. तुकडा काढून पाठवला आहे. घरी येताना ही माझा हात धरून चालली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, रस्त्यात हात धरणं आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

रविवार, २३ मार्च

पोस्टमास्तरचा संदेश, चार वाजून गेल्यावर — "मंडळी, शरण आलो! आजपासून मी आवाजवाला! स्वच्छ ऐकलं, 'आलो रे, आलो!' पुरुषाचा आवाज, आणि थेट आमच्या दादासारखा. गंमत म्हणजे दादा शेजारीच बसून साखळीला तेल घालतोय. म्हणतो, मी कुठे तोंड उघडलं?"

गटात हसण्याची चित्रं आली. आवाजवाल्यांपैकी ज्यांना मी फोन केले होते, त्यांनी पाठवली नाहीत.

बुधवार, २६ मार्च

पोस्टमास्तरचा दादा गेला. दुपारी, दुकानात, हातात पाना होता.

शुक्रवार, २८ मार्च

दोन दिवस टीव्ही लावू दिला नाही. रिमोट माझ्या खिशात. हिने पाटी नाचवली — "काय पोरखेळ आहे?" सांगितलं, बिघडला आहे. तिने माझ्या खिशाला बोट लावलं.

आवाज आधीच येतो, हे आता कळलं आहे. माणूस शेजारी बसलेलं असतानाही येतो. मग मी वर्षभर जो ऐकतो आहे तो कशाचा आहे? गेलेल्या आवाजाचा, की —

पुढचं वाक्य लिहिणार नाही. व्याकरणाने पुरं होतं, तरीही.

निकाल बुधवारी.

बुधवार, २ एप्रिल

काही नाही! साधी गाठ! डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचून दाखवला, मी तिसऱ्यांदा मागितला. ही पाटीवर लिहून मला दाखवायचं सोडून त्यांनाच दाखवत होती — "यांनाही तपासा. आठ दिवस जेवलेले नाहीत."

म्हणजे फक्त आवाजच होता. हिशेबात आवाजच धरला होता. मी वेड्यासारखा हसत सुटलो. येताना हिच्यासाठी नवी पाटी घेतली, मोठी. माझी कानउघाडणी करायला आता जास्त जागा.

रिमोट परत केला. उद्यापासून चारला पुन्हा आम्ही दोघं.

गुरुवार, ३ एप्रिल

"आले हो, आले!" काय बरं वाटलं ऐकून! मीही टीव्हीला उत्तर दिलं, "सावकाश ये." हिने डोळे वटारले.

शनिवार, ५ एप्रिल

आज शिंप्याने हाक मारली आणि ही दचकली. मी तोंड उघडलेलं नव्हतं. तरी वळून माझ्याकडे बघायला लागली, पूर्वी चहाला हाक मारून, माझं "आलो, आलो!" ऐकून दारातून बघायची तशी.

"काय झालं?" म्हटलं. मला नेहमीसारखं ऐकू आलं होतं.

पाटी तिथेच ठेवून ती उठली. कपाट उघडलं. टेपरेकॉर्डर आणून माझ्यासमोर ठेवला. महापौराची कॅसेट त्यात घातली, बटण दाबलं, आणि मग पाटी घेतली. एकच शब्द — "बोला."