दोन जागा धरू नयेत

कुरुळी
६ जुलै २०२५

ती. आबा आणि आजी,
सविनय जयभीम वि. वि.

हे पत्र जयसिंगमामांच्या हाती देतेय. ते चालवतात ती आमच्या कंपनीची बस दिघीला जाते तोवर आपल्याला पोस्टाची गरज नाही. माझ्या खोलीतली मिनल हसते. म्हणते, सगळ्या जगाचे निरोप मोबाइलवर आणि तुमचे बसने! तिला काय ठाऊक, कारखान्यातल्या प्रेस शॉपच्या धडधडीने तुमचे कान नेले आणि मोबाइलच्या अक्षरांना तुम्ही मुंग्या म्हणता.

आबा, एक काम आहे. ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला माझा एकच विषय राहिला आहे आणि तो आमच्या विद्यापीठात शिकवत नाहीत. पण काही विद्यापीठांनी मिळून विषय वाटून घेतलेत. दुसऱ्यांचा विषय ऑनलाइन शिकायचा, गुण आपल्या विद्यापीठात जमा. बाहेरच्यांसाठी जागा मोजक्याच असतात. पहिल्या फेरीत मला सूचिकरणाचा विषय मिळालाय. पण मन लागलंय ते जुने कागद जतन करण्याच्या विषयात. विहारातल्या तुमच्या वाचनालयातली ती पत्र्याची पेटी आठवते ना? आपल्या वस्तीची पत्रकं, सभांची हँडबिलं, सगळ्याला कसर लागलीय. ती कशी वाचवायची ते मला शिकायचंय.

दुसरी फेरी मंगळवारी सकाळी अकराला उघडते. तेव्हा मी लाइनवर वायरी गुंफत असेन आणि फोन लॉकरमध्ये. म्हणून विहारातल्या कॉम्प्युटरवर, मी दाखवलं होतं तसं, माझ्या खात्यात जाऊन त्या विषयासमोरचं बटण तुम्ही दाबा. या सत्रात विषय झाला नाही तर माझ्या नोंदणीची मुदतच संपते. मग आधीचे सगळे विषय पास होऊनही पदवी नाही. म्हणून जीव टांगणीला आहे.

आजीला सांगा, मी वेळेवर जेवते. (खोटं आहे, पण सांगा.)

तुमच्या मायेची हक्कदार,
आम्रपाली

*

दिघी
८ जुलै २०२५

चि. आमूस आबाचा पोटभर आशीर्वाद आणि जयभीम.

काम फत्ते! सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून विहारात जाऊन बसलो. तुझ्या आजीने विचारलं की कॉम्प्युटरपुढे बसायला निघालात की मुलगी बघायला. मी ऐकलं नाही असं दाखवलं. बहिरेपणाचा एवढा तरी फायदा.

अकराच्या ठोक्याला बटण दाबलं. जागा भरलेल्या होत्या, पण प्रतीक्षेच्या रांगेत तुझं नाव लागलं, आणि तेही पहिलं! मग पाहतो तर तुझ्या नावावर ती सूचिकरणाची जागा अजून तशीच अडकलेली. पोरी, आपल्या वाचनालयाचा नियम तुला मी सांगायचा का? एक पुस्तक हातात असताना दुसऱ्यावर चिठ्ठी ठेवायची नाही. आधी पहिलं परत, मग दुसऱ्याच्या रांगेत उभं राहायचं. शाळेत होतीस तेव्हा याच नियमाने तुला रडवून घरी पाठवलं होतं, आठवतं? तेव्हा ती जागा मी सोडून दिली. सोडल्याबरोबर दुसऱ्या कुणीतरी ती उचललीसुद्धा. कुणा पोरापोरीचं भलं झालं असेल, मला फार बरं वाटलं.

आता निवांत राहा. प्रेस शॉपमध्ये त्या धडधडीत आम्ही हातांनीच बोलायचो, तुलाही जेवताना शिकवलं होतं: दोन्ही तळवे पुढे म्हणजे मशीन बंद कर, मूठ छातीवर म्हणजे माल पास. आज माझी मूठ छातीवर आहे बघ.

वेळेवर जेवतेस ते आजीला सांगितलं. तिला खरं वाटलं नाही.

माया आहेच, ती आटू देऊ नको.
तुझा आबा, कोंडीराम

*

कुरुळी
९ जुलै २०२५

ती. आबा,
सविनय जयभीम.

आबा, हे काय केलंत तुम्ही?

रांगेत पहिलं नाव म्हणजे जागा मिळाली असं नसतं. कुणी सोडली तरच मिळते, आणि सोडतं कोण? इथे सगळे दोन-दोन धरून बसलेत. ते नियमात बसतं. म्हणून तर मी सूचिकरणाची जागा राखून ठेवली होती. जतनाचा विषय नाही मिळाला तरी पदवी वाचली असती. आता हा नाही आणि तोही नाही.

काल शिफ्ट सुटल्यावर तुमचं पत्र बसमध्येच वाचलं. मिनलने विचारलं की घरी कुणी गेलं का. मी नाही म्हणाले आणि मग रडू थांबेना. रागावले आहे, लपवत नाही. त्याहून जास्त राग स्वतःचा येतो. तुमच्या हाती काम देताना तुमचा नियम मी कशी विसरले? माझंच बोट धरून तुम्ही तो शिकवला होता.

जास्त लिहवत नाही. औषध वेळेवर घ्या.
आम्रपाली

*

दिघी
११ जुलै २०२५

चि. आमू,
तुला आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही, तरी लिहितो.

पत्र वाचलं. तुझी आजी माझ्याशी बोलत नाही. जेवणाचं ताट समोर आणून ठेवते आणि पाठ करून बसते. बरोबर आहे तिचं.

काल बस बदलत बदलत ताथवड्याला तुझ्या अभ्यासकेंद्रावर गेलो. तिथल्या बाईंना सगळं सांगितलं. त्या बोलत होत्या, मी नुसता ओठांकडे पाहत होतो; घरच्यांचे ओठ वाचता येतात, परक्यांचे नाही. मग त्यांनी कागदावर लिहून दिलं की सोडलेली जागा परत देता येत नाही. मी म्हणालो, बाई, चूक माझी आहे, पोरीची नाही. शिक्षा करायची तर मला करा. त्यांनी पाणी दिलं. बाई चांगल्या आहेत, पण त्यांच्या हातात काही नाही. दुसऱ्या विद्यापीठाचा पत्ता घेऊन तिकडेही रजिस्टर पत्र टाकलंय. उत्तर येईल तेव्हा येईल.

मी समजत होतो, जगातल्या सगळ्या वाचनालयांचा नियम आपल्यासारखाच असणार. जो हातातलं सोडतो त्याचा नंबर आधी, असं इतकी वर्षं पोरांना सांगत आलो. त्या नियमानं माझ्याच नातीला रिकाम्या हाताने उभं केलं. आता विहार उघडल्यापासून बंद होईपर्यंत त्या कॉम्प्युटरपुढे बसून असतो. तुझी मेल उघडी ठेवतो, नुसती बघतो. हात मागे बांधून, खरं सांगतो.

मला चार शिव्या दे. पण शिक्षणावर रागावू नको.

या म्हाताऱ्यावर थोडी माया शिल्लक असेल तर राहू दे.
आबा

*

कुरुळी
१४ जुलै २०२५

ती. आबा,
सविनय जयभीम.

ताथवड्यापर्यंत गेलात हे वाचून जीव कळवळला. पुन्हा एकटे जाऊ नका. आजीला माझी शपथ घाला आणि बोलायला लावा. माझा राग गेलाय. आता नुसतं रिकामं वाटतं.

सुपरवायझर म्हणाले की लाइन लीडरसाठी माझं नाव पुढे करतील, पण रोज ओव्हरटाइमला थांबावं लागेल. आजवर क्लाससाठी मी नाही म्हणत आले. परवापासून थांबते असं सांगून टाकलंय. एका परीने बरंच झालं, सारखं दोन डगरींवर उभं राहून पाय दुखायला लागले होते. मिनल म्हणाली की हे तू मला सांगतेस की स्वतःला. मी तिला झोप म्हटलं.

तुम्ही त्या कॉम्प्युटरपुढे बसू नका आता. डोळे जातील. कान गेलेत तेवढे पुरेत. पेटीतले कागद मात्र कुणाला रद्दीत देऊ देऊ नका. त्यांचं पुढे कुणीतरी बघेल. मी नाही.

आजीला आणि तुम्हाला सांभाळा.
आम्रपाली

*

दिघी
१६ जुलै २०२५

चि. आमूस आबाचा आशीर्वाद.

दिवेलागण झालीय. तुझं काय झालं ते मला अजून माहीत नाही, म्हणून हात चालू ठेवतोय.

सकाळी मेल आली. कुणीतरी जागा सोडली होती, आता तुझा नंबर! संध्याकाळी पाचच्या आत होकार द्यायचा, आणि त्यासाठी तुझ्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा. नाही दिला तर जागा रांगेतल्या पुढच्याला. मोबाइल तुझ्या लॉकरमध्ये, तू ओव्हरटाइमला. आजीने कितीतरी फोन लावले, तुझा लागतच नव्हता. मग मी जयसिंगच्या दुपारच्या बसमध्ये चढलो. बाहेरच्या माणसाला बंदी आहे. त्याने मागच्या सीटवर बसवलं आणि म्हणाला, आबा, कुणी विचारलं तर तुम्ही कामगार आहात आणि वयापेक्षा थकलात.

गेटवरचा वॉचमन आत सोडेना. त्याने खुणेनं सांगितलं की निरोप शिफ्ट सुटल्यावर मिळेल. मी हात जोडले, पाया पडायचंच बाकी होतं. तो ओरडत होता बहुतेक, मला काय कळतंय! मग चहाच्या सुट्टीला तुम्ही पोरी शेडमधून कँटीनकडे निघालात. सगळ्यांच्या टोप्या सारख्या, कपडे सारखे. मी जाळीला चिकटून दोन्ही तळवे पुढे धरले. मशीन बंद. मशीन बंद. हात भरून आले तरी खाली घेतले नाहीत. एक पोरगी थबकली. ती तूच होतीस का? तेवढ्यात वॉचमनने मला बाजूला ओढलं आणि चष्मा पडला. उचलून पुसेपर्यंत तिथे कुणी नव्हतं.

घरी आल्या आल्या आधी विहारात गेलो. तुझं खातं आपोआप बाहेर पडलंय, पुन्हा पासवर्ड मागतंय. हे चांगलं की वाईट ते मला कळत नाही. मी काही दाबलं नाही.

आज तुझी आजी बोलली. म्हणाली, जेवा. तिला म्हणालो, आधी उत्तर येऊ दे.

आबा

*

कुरुळी
१७ जुलै २०२५

ती. आबा आणि आजी,
सविनय जयभीम वि. वि.

ती मीच होते.

तुमचे हात दिसले आणि आधी वाटलं, आजी गेली. मग तुमचा चेहरा पाहिला. त्यावर रडू नव्हतं, घाई होती. हातातला चहा मिनलकडे दिला आणि लॉकरकडे पळाले. सुपरवायझर आडवे आले. म्हणाले, ओव्हरटाइम लिहून दिलाय, आता लाइन सोडलीस तर लीडर विसर आणि उद्यापासून येऊही नकोस. त्यांच्या मागे घड्याळ होतं. मी त्यांच्याकडे न बघता घड्याळाकडे बघितलं आणि गेले.

आत रेंज नव्हती. बेसिनच्या खिडकीवर चढून फोन बाहेर धरला तेव्हा मेल दिसली, होकार दाबला आणि ओटीपी आला. घाईत पहिल्यांदा चुकीचा टाकला. दुसऱ्यांदा बरोबर. हिरवी खूण आली, आबा. जतनाच्या विषयात माझं नाव लागलं. मी मूठ छातीवर ठेवून गेटकडे धावले, पण तुम्ही गेलेले होतात.

परत आले तर त्यांनी माझा पास काढून घेतला. कंत्राटी कामगाराला विचारतं कोण? तेव्हा हिशेब असा: माल पास, मशीनही बंद. पदवी वाचली, काम गेलं. पुढचा महिना कसा काढायचा ते मला माहीत नाही आणि फार भीती वाटतेय. आज मिनलची सुट्टी, ती मला सामान बांधायला मदत करतेय आणि मधेच नाक पुसतेय. शनिवारी जयसिंगमामांबरोबर येते. वर्ग रोज संध्याकाळी आहेत. कॉम्प्युटर लागेल. तुम्ही हात मागे बांधून बसायची गरज नाही.

आजी, त्यांना जेवायला वाढ.

तुमची,
आमू

*

दिघी
१८ जुलै २०२५

चि. आमूस आबाचा आणि आजीचा पोटभर आशीर्वाद.

जेवलो. काल रात्रीचं आणि आजचं, दोन्ही.

भीती आम्हालाही वाटते, पोरी. माझी पेन्शन म्हणजे काय ते तुला माहीत आहे. आजी म्हणते, पोळ्या लाटायला तिचे हात अजून शाबूत आहेत, तू फक्त बसून शिक. मी ओळखीच्या दोन ठिकाणी शब्द टाकलाय. होईल की नाही, सांगता येत नाही, आणि तुला खोटा धीर द्यायचा नाही असं ठरवलंय.

वर्गाला मीही शेजारी बसेन. ऐकू येणार नाही, तुझ्या तोंडाकडे बघत राहीन. कामाचं काही आलं की मूठ छातीवर ठेव, तू सांगशील ते मी पेटीसाठी वहीत लिहून ठेवीन.

आणि विहारात तुझ्यासाठी दोन खुर्च्या अडवल्यात. एक प्लगपाशी, एक खिडकीपाशी, उकडलं तर बसायला. दोन्हींवर तुझ्या नावाची चिठ्ठी चिकटवलीय. काल एका पोराने नियम दाखवला. म्हणाला, आबा, तुम्हीच सांगता, एकीने दोन जागा धरू नयेत.

मी त्याला म्हणालो, मला ऐकू येत नाही.

शनिवारी ये. वाट बघतोय.
आबा