चुलीमागे एक पाटी

मंगळवार, रात्र

चुकलं माझं. 'घरामागे' म्हणायचं सोडून 'चुलीमागे' म्हणाले. धरणात सोडलेली मासळी सगळ्यांना पुरावी म्हणून मच्छीमार मंडळाच्या बैठकीत मीच सुचवलं होतं, आठवड्याला दर चुलीमागे एक पाटी मासळी. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, जमलं.

आज गावातून फिरले, तर ज्याच्या त्याच्या मागच्या दारी तीन विटांची नवी चूल. सख्खे भाऊ वेगळे, सासू-सुना वेगळ्या. शेजारची हिराबाई हसून म्हणाली, "तूच बोललीस ना गो? आमच्यात आता तीन चुली हायत!" विटांना काजळीसुद्धा नाही, म्हणजे चुली नावापुरत्याच. पण मी कुणाकुणाच्या विटा तपासू? पावसात सोडलेला रोहू-कटला अजून वीतभर झालेला नाही. असाच ओढला तर शिमग्याआधी सगळा रोह्याच्या बाजारात जाईल आणि धरणात नुसतं पाणी राहील. मग कुठल्या तोंडाने परत मत्स्यबीज मागू?

नियम बदलायलाच हवा. पण कसा? 'घर' म्हटलं तर मधे भिंत घालतील.

परत आले, तर आमच्याही मागच्या दारी तीन विटा. मुलगा नजर चुकवत म्हणाला, "आये, खरं वेगळं कोण होतंय? मासळीपुरतंच."

जेवायच्या वेळी सुनेने कालवणाची वाटी आणून दिली. वर ताटली झाकलेली, शेजारणीला देतात तशी.

मागे जाऊन पाहिलं. आमच्या विटांना काजळी धरली होती.