गाळलेली तीन वाक्यं

३ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

आईने विणलेला पायमोजा पोचला. एकच पोचला. दुसरा ती विसरली की पुढच्या भाषणाचं बक्षीस म्हणून राखून ठेवलाय, ते तिला विचारा. इथे खोलीत गारठा आहे आणि सध्या माझा उजवा पाय तेवढा मजेत आहे.

आता मुख्य गोष्ट. आज सभागृहात माझी जी फजिती झाली, तशी शाळेच्या नाटकात संवाद विसरले तेव्हाही झाली नव्हती. खर्चाच्या चर्चेत मला दहा मिनिटं मिळाली होती. बांधकाम खात्याने नव्या अतिथिगृहावर काय काय उधळलं ते मी वाचून दाखवलं. संगमरवरी जिने, झुंबरं, मंत्र्यांच्या एका खोलीला दोन न्हाणीघरं. एका माणसाला दोन न्हाणीघरं कशाला, यावर सरकारची बाकंसुद्धा हसली. मग विचारलं, माझ्या मतदारसंघातला नदीवरचा पूल कुठे आहे? अकरा वर्षांपूर्वी कारखान्याच्या कामगारांची होडी उलटली आणि एकोणीस माणसं बुडाली, तेव्हा याच मंत्र्यांनी याच सभागृहात शब्द दिला होता, की दोन वर्षांत पूल उभा करीन, नाहीतर खुर्ची सोडीन. पूल नाही, खुर्ची तशीच आहे, आणि गेल्या पुरात त्याच जागी आणखी चौघं गेली.

मंत्री शांतपणे उठले. आपण असं कधीही बोललो नाही, बोललो असलो तर बाईंनी कार्यवृत्तात दाखवावं, म्हणाले. मी छाती ठोकून सांगितलं, की दाखवते. तिथून तडक ग्रंथालयात गेले आणि त्या दिवसाचा छापील खंड काढला. शोकप्रस्ताव आहे, मृतांची नावं आहेत, मंत्र्यांना झालेलं दुःखही आहे. शब्द नाही. तीनदा वाचलं, बाबा.

चूक माझीच. खंड आधी उघडून पाहायला हवा होता. पण त्या संध्याकाळी जेवताना तुम्ही स्वतः सांगितलं होतं, की आज मंत्र्यांनी पुलाचा शब्द दिला. सभागृहाचे प्रमुख लघुलेखक तुम्ही, त्या वेळी टेबलाशी बसून उतरवून घेत होतात तेही तुम्ही. तुम्ही म्हणालात म्हणजे ते छापलेलं असणारच, एवढंच मला माहीत. तेव्हा तिथे कॅमेरे नव्हते, आणि पत्रकार शोकप्रस्ताव आटोपताच चहाला गेले होते.

अध्यक्षांनी सतरा तारखेपर्यंत मुदत दिली आहे. पुरावा द्या, नाहीतर सभागृहाची दिशाभूल केली म्हणून माफी मागा, नाहीतर निलंबन. मी माफी मागितली, तर तो शब्द कधी दिलाच नव्हता असं कायमचं ठरेल आणि पुलाचं नाव पुन्हा कोणी काढणार नाही. पलंगाखालच्या पेटीत तुमच्या काही वह्या आहेत ना? त्या दिवसाची असली तर लगेच पाठवा.

एका पायमोज्याएवढी तरी माया असू द्यावी.
तुमची,
टिकटिक


६ फेब्रुवारी

चि. टिकटिक हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. लोकर संपते पण मुलीच्या मागण्या संपत नाहीत, असा तुझ्या आईचा निरोप आहे. माझी खालची दाढ काढली. दातांचा डॉक्टर भलता बडबड्या निघाला, आणि आपलं तोंड उघडं असल्यामुळे त्याला गप्प करता येत नाही.

वह्यांचं म्हणशील, तर पेटीत ओल शिरली होती, त्यात बऱ्याच खराब झाल्या. फारशी आशा धरू नकोस. माझं ऐकशील तर माफी मागून मोकळी हो. तिथे माणसं रोज कशाची ना कशाची माफी मागतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलायला उभी राहतात. तुझं वय लहान आहे, पुढे पुष्कळ भाषणं करायची आहेत. वेळेवर जेवत जा.

आमची काळजी नसावी, लोभ मात्र असावा.
तुझे बाबा


९ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मला धक्काच बसला. अक्षर तुमचं, सही तुमची, पण आतला माणूस कोण? मी सात-आठ वर्षांची होते. एका हातात घड्याळ धरून तुम्हाला वर्तमानपत्र वाचून दाखवायची आणि तुम्ही सरावासाठी उतरवून घ्यायचात. त्यावरूनच माझं टिकटिक नाव पडलं. एकदा कंटाळून मी एक ओळ गाळली, तर तुम्ही सबंध उतारा पुन्हा वाचायला लावलात. बोललेलं गाळायचा हक्क कोणालाही नाही, म्हणाला होतात. मी रडले होते.

आणि ओल कसली? फोनवरचं बोलणं कागदावर राहत नाही म्हणून तुम्ही फोनला हात लावत नाही, पण आई लावते. पेटी कोरडी ठणठणीत आहे, आणि चार दिवस तुम्ही ती पुढ्यात घेऊन बसलाय, असं ती सांगत होती. तुम्हाला कोणी धमकावलं का? तसं असेल तर मला कळवा.

मी तर चौकशी मागणार आहे. कागद छापखान्यात जाण्याआधी कोणीतरी त्याला कात्री लावली, हे उघड आहे. तो जो कोणी असेल त्याला मी भर सभागृहात उभा करीन. पूल झाला असता तर ती चौघं आज घरी असती, याचा जाब त्याला द्यावाच लागेल.

ते वर्ष मला सारखं आठवतं. साहेब लोकांपैकी कोणालातरी आपलं सरकारी घर हवं होतं, आपल्याला नोटीस आली होती, आईने भांडीसुद्धा बांधली होती. आणि एक दिवस तुम्ही सांगत आलात, की राहायची मुदत वाढली. त्या खिडकीपाशी बसून मी कायद्याची शेवटची परीक्षा दिली. ते घर सुटलं असतं तर मी इथवर आलेच नसते. म्हणून म्हणते, ज्यांनी मला इथवर आणलं त्यांनीच माफी माग म्हणावं, हे पचत नाही.

रागावले आहे, तरी आशीर्वाद असू द्यावा.
तुमची,
टिकटिक


१२ फेब्रुवारी

चि. टिकटिक हिस,
अ. उ. आ.

सोबत वही आहे. ती खराब झाली नव्हती, मी खोटं लिहिलं. ज्याला तू भर सभागृहात उभा करणार आहेस, तो मी आहे.

मंत्र्यांनी शब्द दिला, मी तो उतरवला आणि घरी येऊन तुम्हाला सांगितला, इथपर्यंत सगळं खरं. दुसऱ्या दिवशी त्यांचा सचिव टाइप केलेला कागद घेऊन आला. आमच्याकडे रीत अशी, की भाषणाचा कागद बोलणाऱ्याला दाखवायचा. जीभ घसरली असेल तर त्याने तेवढं सुधारायचं, बोललेली गोष्ट मात्र काढायची नाही. त्या कागदावर पुलाची तीन वाक्यं काट मारून काढली होती आणि खाली माझी सही हवी होती. मी नाही म्हणालो. मग त्याने तुझी चौकशी केली. परीक्षा कधी, अभ्यास कसा चाललाय. घराचं आपण साहेबांच्या कानावर घालू, म्हणाला. इतकं गोड बोलला, की त्याचा अर्थ माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. ध्यानात आल्यावर मी सही केली.

कागदावर असो नसो, पूल होईलच, अशी मी मनाची समजूत घातली होती. गेल्या पुराची बातमी वाचली तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. दाढ दुखतेय, असं मी तुझ्या आईला सांगत आलो. पेटीतल्या बाकीच्या वह्या सरावाच्या आहेत; सभागृहातल्या वह्या दप्तरात जमा करायच्या असतात. ही एक मी पिशवीत घालून घरी आणली. दोनदा जाळायला काढली आणि दोन्ही वेळा परत ठेवली.

तुझ्या आईला काल सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही. कोट मात्र इस्त्री करून खुंटीला लावला आहे, म्हणजे जा असंच तिचं म्हणणं दिसतं.

माफी मागू नकोस. वही अध्यक्षांच्या हातात दे. ती दुसऱ्या कोणाला वाचता येणार नाही, कारण वेग यावा म्हणून मी माझ्या स्वतःच्या खुणा केल्या होत्या. तेव्हा त्यांना मला बोलवावंच लागेल. एकतीस वर्षं त्या टेबलाशी बसलो, तोंडातून एक शब्द काढायची परवानगी नव्हती. आता मी वाचून दाखवीन. त्यात माझं काय व्हायचं ते होवो.

लोभ ठेव असं लिहायला आज हात धजत नाही.
तुझे बाबा


१७ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी जिन्यात उभी राहून उघडलं आणि तिथेच पायरीवर बसले. शेजारीण बरं नाही का म्हणून विचारत होती. दोन दिवस तुमचा इतका राग आला, की वरची चार अक्षरंही लिहवली नसती. आज लिहिली आहेत, पण राग गेलेला नाही, हे सरळ सांगते. त्याहून मला त्या खिडकीची लाज वाटते. किती खुशीत बसायची मी तिथे.

काल दुपारी मी माफीचा मजकूर लिहूनसुद्धा काढला. तुमचं नाव कुठेच आलं नसतं. दोनदा वाचला आणि फाडून टाकला.

आज अकरा वाजता वही घेऊन उठले. मंत्री हसले, असल्या रेघोट्या लहान पोरंही मारतात, म्हणाले. अध्यक्षांनी विचारलं, की हे उतरवलं कोणी, आणि छापताना गाळलं कोणी. आमच्या नेत्यांनी मागून माझी बाही ओढली. याचं उत्तर पुढे कधीतरी लेखी देऊ, असं ते कुजबुजत होते. मी उत्तर दिलं. सचिव, सही, घर, परीक्षा, सगळं सांगितलं. ती परीक्षा माझी होती, हेही सांगितलं. समोरची बाकं एरवी मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीत. आज मला शेवटपर्यंत बोलू दिलं. मंत्र्यांचं हसू तसंच तोंडावर राहिलं होतं, ते आवरायचंसुद्धा त्यांना सुचलं नाही.

अध्यक्षांनी चौकशी समिती नेमली, तिच्यापुढे तुम्हाला पंचवीस तारखेला बोलावलं आहे. सकाळच्या गाडीने या आणि आईला घेऊन या. तिला म्हणावं, दुसरा पायमोजा आण. निवृत्तिवेतन थांबेल असं इथले जाणकार म्हणतात, कदाचित त्याहूनही वाईट होईल. मी समोर बसलेली असेन, आणि आरोप माझा म्हणून तुम्हाला प्रश्नही मलाच विचारावे लागतील. तेव्हा माझ्याकडे नका पाहू, वहीकडे पाहा.

एक सांगायचं राहिलं. तुमच्या खुर्चीवर हल्ली एक तरुण लघुलेखिका बसते. ज्यांनी तो शब्द गाळला ते प्रमुख लघुलेखक माझे वडील होते, असं मी म्हणाले, तेव्हा तिचा हात थांबला आणि ती मान वर करून माझ्याकडे बघतच राहिली. तेवढं वाक्य तिच्याकडून सुटलं. मग तुम्हाला वर्तमानपत्र वाचून दाखवायची, त्या वेगाने मी ते पुन्हा म्हटलं आणि तिने पुरतं उतरवून घेईपर्यंत उभी राहिले.

लोभ होता तसाच असू द्या. माझाही आहे.
तुमची,
टिकटिक